दोन चलांतलं समीकरण

१९७४ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काही उंदीर गोल गोल फिरत होते. उर्बान उंगरस्टेट यांनी ही पद्धत बसवली होती. उंदराच्या मेंदूच्या एकाच बाजूला ६-हायड्रॉक्सिडोपामिन नावाचं विष सोडायचं. डोपामिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये संदेश नेणारं, हालचालीला लागणारं रसायन, आणि हे विष त्याच्या कुळातल्या चेतापेशी हेरून मारतं. त्या बाजूला डोपामिन मिळेनासं झालं की तिथले डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर डोपामिन धरणारी प्रथिनं, अतिसंवेदनशील होतात. मग उंदराला लेव्होडोपा, म्हणजे ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं ते औषध, दिलं की ती बाजू जास्त जोराने प्रतिसाद देते आणि उंदीर एकाच दिशेने फिरू लागतो. किती फेऱ्या झाल्या हे यंत्र मोजतं, आणि फेऱ्यांवरून औषधाचा जोर कळतो.

त्या वर्षी उंगरस्टेट आणि त्यांचे सहकारी शेल फुक्से यांनी औषधाच्या जोडीला उंदरांना कॅफिन दिलं. दम्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं दिलं गेलेलं थिओफायलिन हे कॅफिनचंच भावंड, तेही देऊन पाहिलं. डोपामिनच्या औषधाचा परिणाम चांगलाच वाढला. आता कॅफिन म्हणजे डोपामिन नव्हे. डोपामिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसणं हे त्याचं कामही नाही. मग डोपामिनचा जोर वाढवणारं हे कोण? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा हाती यायला १९९१ साल उजाडलं. त्या उत्तराने मेंदूतल्या रसायनांकडे बघायची माझी नजर बदलली. मी नागपुरात फार्मसीच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते, आणि हा भाग मला जितका जवळचा वाटतो तितकी जागा त्याला अभ्यासक्रमात नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

दुसरं कारण माझे मामा.

मामा नागपुरातल्या महाल भागात एका शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतरही त्यांची दुधाच्या आणि पेपरच्या हिशेबाची वही कधी चुकली नाही. त्या वहीतच पहिलं लक्षण दिसलं. ओळीच्या सुरुवातीला नेहमीएवढा असलेला आकडा शेवटाकडे जाता जाता बारीक होत गेलेला. आयुष्यभर फळ्यावर टपोरं लिहिलेल्या माणसाचं अक्षर असं आक्रसलेलं बघून मामीलाच आधी शंका आली. मग उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला, चालताना तो हात हलेनासा झाला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासलं, पार्किन्सन, म्हणजे डोपामिनच्या पेशी मरत गेल्याने हालचाल अडवणारा आजार, सांगितला आणि लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सुरू केली.

मामांना चहा लागतो. मे महिन्यात महालातल्या गल्ल्या भट्टीगत तापलेल्या असल्या तरी दुपारी चारचा चहा चुकत नाही. गोळी सुरू झाल्यावर मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न तोच.

"शेजारचा सांगून राहिला का चहानं गोळी मरते. दुसरा म्हणते चहा चांगला असते या बिमारीत. तू शिकवतेस ना हेच? मग सांग बरं, पिऊ का नको?"

प्रश्न एका वाक्याचा आहे. उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, आणि शेवटी दिलंही. पण मामांना पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तर चालत नाही. शाळेतही ते नुसतं उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापायचे.

रिसेप्टर म्हणजे काय, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या एकाच तऱ्हेने शिकवलं गेलं आहे. पेशीच्या पटलावर एक प्रथिन आहे, त्यात नेमकं बसेल असं रसायन आलं की पेशीला संदेश मिळतो. कुलूप आणि किल्ली. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी वापरलेली ही उपमा पुढे रिसेप्टरलाही चिकटली आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कायमची जाऊन बसली. १९०५ साली केंब्रिजचे जॉन लँगली निकोटिन आणि क्युरारे यांचा स्नायूवरचा परिणाम तपासत होते. नस नसली तरी स्नायू निकोटिनला प्रतिसाद देतो आणि क्युरारे तो प्रतिसाद थांबवतं, यावरून स्नायूतच काहीतरी ग्रहण करणारं असलं पाहिजे, असं त्यांनी मांडलं. तोवर कुणी रिसेप्टर पाहिला नव्हता. नुसत्या तर्काने गाठलेली ही गोष्ट आहे आणि मला ती फार्माकॉलॉजीतल्या सगळ्यात सुंदर तर्कांपैकी एक वाटते.

आम्ही शिकलो तेव्हाचं प्रात्यक्षिक याच तर्कावर उभं होतं. बेडकाच्या पोटाच्या स्नायूची पट्टी रिंगर द्रावणात टांगायची, वरचा धागा तरफेला बांधायचा, तरफेचं टोक काजळी धरलेल्या ड्रमला टेकवायचं. ॲसिटिलकोलिनचे चार थेंब टाकले की स्नायू आकसतो आणि काजळीवर पांढरी रेघ वर चढते. मात्रा दुप्पट केली की रेघ आणखी उंच. धुवायचं, थांबायचं, परत टाकायचं. शेवटी तो कागद लाखेत बुडवून वाळवायचा आणि जर्नलला चिकटवायचा. बोटं काळी, ॲप्रन काळा. आता प्राण्यांवरचे असे प्रयोग जवळपास थांबले आहेत. मुलं संगणकाच्या पडद्यावर तीच रेघ चढताना बघतात, आणि ते योग्यच झालं. पण दोन्हीकडे मुलाच्या मनात एकच चित्र पक्कं होतं: एक औषध, एक रिसेप्टर, एक वक्ररेषा. मात्रा कळली की परिणाम कळला. स्नायूच्या त्या पट्टीसाठी हे पुरेसं आहेही. मेंदूतल्या पेशीसाठी नाही, कारण तिच्या पटलावर एकाच वेळी कितीतरी निरनिराळे रिसेप्टर अगदी दाटीवाटीने असतात. ते एकमेकांच्या शेजारी असूनही एकमेकांशी काही देणंघेणं नसल्यासारखे वागतील, हे गृहीत कुणी तपासलं होतं?

फुक्से यांनी ते तपासायला घेतलं. ते या प्रश्नाकडे कसे आले हे बघितलं की त्यांचा आग्रह समजतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मेंदूत डोपामिन आहे हे माहीत होतं. अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन ससे निपचित पाडले होते आणि लेव्होडोपा देऊन त्यांना पुन्हा हिंडतं-फिरतं केलं होतं. हे रेसर्पिन आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं, याचा मला दरवेळी शिकवताना आनंद होतो. पण डोपामिन मेंदूत नेमकं कोणत्या पेशींत आहे, हे कुणाला दिसलेलं नव्हतं. ते दाखवलं बेंग्ट फाल्क आणि निल्स-ओके हिलार्प यांच्या पद्धतीने. गोठवून वाळवलेल्या ऊतीला फॉर्माल्डिहाइडची वाफ द्यायची. त्या वाफेने डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात, सेरोटोनिनच्या पिवळ्या. हिलार्प १९६२ मध्ये कॅरोलिन्स्कात आले आणि त्यांनी तरुण विद्यार्थ्यांचा एक गट जमवला. त्यातल्या आनिका डालस्ट्रॉम आणि शेल फुक्से या विशीतल्या दोघांनी १९६४ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या या पेशीसमूहांचा नकाशा छापला. डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिनच्या समूहांना त्यांनी ए१ ते ए१२ अशी नावं दिली, सेरोटोनिनच्या समूहांना बी१ ते बी९. पार्किन्सनमध्ये ज्या पेशी मरतात तो समूह ए९. आजही शोधनिबंधांत तीच नावं चालतात. हिलार्प १९६५ मध्ये गेले, अवघ्या पन्नाशीच्या आत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम थांबू दिलं नाही.

नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांना एक गोष्ट सतत दिसत राहते: कोण कुणाच्या शेजारी आहे. मला वाटतं, पुढच्या प्रश्नाची मुळं तिथे आहेत.

१९८० च्या सुमारास फुक्से आणि इटलीतल्या मोदेनाचे लुईजी अन्याती यांनी एक वेगळीच मांडणी केली. पेशीच्या पटलावरचे दोन भिन्न रिसेप्टर एकमेकांवर थेट परिणाम करत असतील. एकाला त्याचं रसायन मिळालं की शेजारच्याची त्याच्या रसायनावरची पकड बदलत असेल. हे त्यांनी तपासलं कसं, त्यात खरी गंमत आहे. जिवंत पेशीत एका रिसेप्टरचा दुसऱ्यावर परिणाम दिसला तर लगेच कुणीही म्हणेल, पेशीच्या आत संदेशांची साखळी असते, तिच्यामार्फत झालं असेल. म्हणून त्यांनी पेशी फोडल्या, आतलं सगळं काढून टाकलं आणि फक्त पटलाचे तुकडे घेतले. आतली साखळीच नाही. तरीही पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या, रिसेप्टरला चेतवल्यावर शेजारच्या मोनोअमाइनच्या (डोपामिन, सेरोटोनिन यांच्या कुळातल्या रसायनाच्या) रिसेप्टरचं वागणं बदललं. मग जे घडतं आहे ते पटलातच घडतं आहे.

कॅफिनचा उलगडाही याच वाटेने झाला. दिवसभर जागं राहताना मेंदूत अडेनोसिन साठत जातं, त्यानेच झोपेची ओढ वाढते. नेहमीच्या प्रमाणातलं कॅफिन मुख्यतः अडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं, म्हणून चहाने तरतरी येते. अडेनोसिनच्या रिसेप्टरांपैकी ए२ए नावाचा प्रकार मेंदूच्या स्ट्रायटम नावाच्या भागात खच्चून भरलेला असतो. स्ट्रायटम म्हणजे हालचाल सुरू करायची की रोखायची, याची गणितं जिथे होतात तो भाग. त्यातल्या पेशींचे ढोबळमानाने दोन गट. त्यातला एक हालचाल रोखून धरणारा. आणि नेमक्या याच गटातल्या पेशींवर डोपामिनचा डी२ रिसेप्टर आणि अडेनोसिनचा ए२ए रिसेप्टर हे दोघं एकत्र असतात. डोपामिन डी२ वर बसलं की ही पेशी शांत होते, हालचाल मोकळी होते. अडेनोसिन ए२ए वर बसलं की ती चेतते, हालचाल अडते.

१९९१ मध्ये सर्जी फेरे, फुक्से आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्ट्रायटममधल्या पटलांचे तुकडे घेऊन ए२ए चेतवणारं औषध टाकलं आणि डी२ ची डोपामिनवरची पकड मोजली. ती ढिली पडली होती. डोपामिन तेवढंच, रिसेप्टर तेवढेच, पण शेजारी जागा झाल्याबरोबर डोपामिनला पूर्वीइतकं घट्ट धरलं जाईना. आता ते फिरणारे उंदीर आठवून बघा. कॅफिनने अडेनोसिनला अडवलं, ए२ए गप्प झाला, डी२ ची पकड पुन्हा घट्ट झाली आणि तेवढ्याच औषधाने जास्त काम केलं.

हे सगळं मी मामांना कागदावर आकृती काढून सांगितलं. एक पेशी, तिच्या पटलावर दोन खुणा, मध्ये दोन्हीकडून बाण. ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तू मघाशी सांगितलं ते कुलूप-किल्लीचं एका चलातलं समीकरण होतं. हे तर दोन चलांतलं झालं. नुसती एकाची किंमत देऊन उत्तर निघणारच नाही."

दहावीच्या पुस्तकातला धडा त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलेला. मी फार्माकॉलॉजीच्या वर्गात इतक्या नेमकेपणाने हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते, त्यांचं नाव घेऊन.

पण मामांनीच पुढचा प्रश्न विचारला, आणि तो या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. "हे दोघं खरंच एकमेकाला चिकटून राहतात, का तुम्ही नुसतं समजून राहिले?"

यावर शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहेत, आणि ते झाकून ठेवणं मला पटत नाही. डी२ आणि ए२ए एकमेकांविरुद्ध काम करतात, याबद्दल फारसा वाद नाही. पण त्यासाठी त्यांनी एकमेकांना भिडलंच पाहिजे असं नाही. पेशीच्या आतल्या साखळीतही दोघं विरुद्ध बाजू ओढतात: ए२ए चक्रीय एएमपी हा निरोप्या वाढवतो, डी२ तो कमी करतो. संशयवादी म्हणतात, एवढ्याने भागतं की, जोडीची कल्पना कशाला हवी?

जोडीच्या बाजूचा एक भक्कम पुरावा १९९८ मध्ये दुसऱ्याच रिसेप्टरकडून आला. गाबा-बी हा मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा रिसेप्टर. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला देतात ते बॅक्लोफेन यावरच काम करतं. त्याचं पहिलं प्रथिन एकटं असलं तर पेशीच्या आतच अडकून पडतं, पटलापर्यंत पोचतच नाही. दुसरं प्रथिन पोचतं, पण त्याला गाबा धरता येत नाही. दोघं जोडीने आले तरच रिसेप्टर तयार होतो. एक रसायन धरतो, दुसरा संदेश आत पोचवतो. म्हणजे या कुळातले रिसेप्टर जोडीने राहू शकतात, एवढं तरी निर्विवाद झालं. मात्र डी२ आणि ए२ए ज्या शाखेतले आहेत त्या शाखेतला बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर अगदी एकटा ठेवला तरी काम करतो, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे त्यांच्यासाठी जोडी ही जगण्याची अट नाही.

मग २००२-०३ च्या सुमारास दोन रिसेप्टरांना प्रकाश देणारी प्रथिनं जोडून बघितलं गेलं. दोघं साधारण दहा नॅनोमीटरच्या आत आले तरच एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि प्रकाशाचा रंग बदलतो. डी२ आणि ए२ए च्या बाबतीत तो बदलला. पुढे या दोन प्रथिनांचे कोणते भाग एकमेकांना धरतात तेही शोधलं गेलं: डी२ च्या आतल्या बाजूच्या एका वळणावर धनभार असलेली आर्जिनिन ही अमिनो आम्लं ओळीने आहेत, आणि ए२ए च्या शेपटाकडे फॉस्फेट लागलेलं, ऋणभाराचं सेरिन हे अमिनो आम्ल आहे. आक्षेप असा की यातले बरेच प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाले, जिथे रिसेप्टर मुद्दाम भरमसाट बनवले जातात. इतकी गर्दी केली तर कुणीही कुणाच्या शेजारी येईल. हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून खऱ्या मेंदूच्या चकत्यांवर, दोन प्रथिनं अगदी जवळ असतील तिथेच ठिपका उमटेल अशी पद्धत वापरली गेली, आणि उंदराच्या स्ट्रायटममध्ये ते ठिपके दिसले. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंतही या जोडीचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

मला स्वतःला हा पुरावा पटतो. जवळ असणं आणि जोडी म्हणून वेगळं वागणं या दोन पायऱ्या आहेत हे मान्य करूनही पटतो. पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट फुक्से यांची चिकाटी आहे. जेव्हा बहुतेकांना रिसेप्टर एकेकटे सुटे दिसत होते, तेव्हा या माणसाने शेजाराचा प्रश्न लावून धरला आणि दशकानुदशकं धरून ठेवला. मतभेद झाले, पद्धती बदलल्या, प्रश्न सोडला नाही. संशोधन म्हटलं की आपल्याला शोधाची तारीख आठवते. एखाद्याने चाळीस वर्षं एकाच प्रश्नाशी राहणं आठवत नाही, कारण त्याला तारीख नसते.

मामांचा चहा मात्र अजून कपात होता आणि उत्तराची वाट बघत होता.

आधी आशेची बाजू. होनोलुलूत आठ हजारांहून अधिक जपानी वंशाच्या अमेरिकन पुरुषांचा तीस वर्षं पाठपुरावा झाला. २००० साली छापलेल्या निष्कर्षानुसार कॉफी पिणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळला, न पिणाऱ्यांत जास्त. त्यावरून कॅफिन वाचवतं असा अर्थ लगेच काढता येत नाही, पण संबंध ठळक होता. मग प्रश्न आला, आजार झालेल्यांना कॅफिन दिलं तर? कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने तशी चाचणी झाली. रुग्णांना दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफिन, आणि दुसऱ्या गटाला नुसती खोटी गोळी. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी हालचालीत काही फरक नाही. प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तरी ते इतक्या काळजीने शोधलेलं असलं की मला त्याबद्दल आदर वाटतो.

कॅफिन सगळेच अडेनोसिन रिसेप्टर थोडे थोडे अडवतं, आणि रोज पिणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते. फक्त ए२ए ला अडवणारं औषध बनलं ते इस्ट्राडेफायलिन. रचनेने कॅफिनच्याच घराण्यातलं. जपानने ते २०१३ मध्ये मंजूर केलं, अमेरिकेने २०१९ मध्ये. तेही लेव्होडोपाला जोड म्हणून, गोळीचा असर उतरून शरीर आखडतं तो 'ऑफ'चा काळ कमी करण्यासाठी. युरोपच्या औषध यंत्रणेला पुरावा पुरेसा वाटला नाही, तिने २०२१ मध्ये मंजुरी नाकारली. १९७४ च्या उंदरांपासून औषधाच्या दुकानापर्यंत यायला एवढा काळ लागला, आणि पोचलं ते असं, अर्ध्या जगात हो आणि अर्ध्या जगात नाही.

म्हणून मामांना सांगितलं: चहाने गोळी मरत नाही. चहा हे औषधही नाही. चारचा चहा सुखाने घ्या, फक्त रात्री उशिरा नको, झोप आधीच कमी झाली आहे. गोळीची खरी भांडणं प्रथिनांशी. लेव्होडोपा हे अमिनो आम्लच आहे. ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहकाच्या मदतीने शिरतं, त्याच वाहकावर डाळीतली, दुधातली, अंड्यातली अमिनो आम्लंही बसायला बघतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि वरण त्यानंतर. मामींनी लगेच घड्याळाखाली वेळा लिहून लावल्या.

इतवारीतून कुणीतरी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं होतं, तेही दाखवलं. खाजकुइलीत लेव्होडोपा खरोखरच असतं, भोंदूपणा नाही. पण म्हणूनच गोळी आणि चूर्ण दोन्ही घेतलं तर एकाच औषधाची मात्रा नकळत वाढते, आणि चूर्णात ते किती आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. धंतोलीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी उघडायची नाही, एवढं मामांकडून कबूल करून घेतलं. उंबरठ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटतात, त्यासाठी मामींनी दाराशी खडूच्या आडव्या रेघा आखल्या आहेत. रेघ ओलांडायची असं मनात आणलं की पाऊल उचललं जातं. डोळ्यांनी दिलेली खूण मेंदूला वेगळी वाट काढून देते, आणि हे औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही.

हल्ली जिथे तिथे डोपामिनचं नाव ऐकू येतं. मोबाईल बघितला की डोपामिन, गोड खाल्लं की डोपामिन, डोपामिनचा उपवास करा. विद्यार्थीही हे बोलतात आणि मला त्याची काळजी वाटते. डोपामिन एका पेशीवर डी१ ला भेटलं तर ती चेतते, दुसरीवर डी२ ला भेटलं तर ती शांत होते, आणि त्या डी२ च्या शेजारी कोण बसलं आहे यावर ती किती शांत होईल ते ठरतं. रसायनाच्या एकट्याच्या नावाला आनंद किंवा व्यसन अशी चिठ्ठी लावली की हे सगळं पुसलं जातं. ज्यांच्या घरात पार्किन्सनचं माणूस आहे त्यांना विचारा. डोपामिनचं औषध त्यांच्याकडे पाऊल उचलण्यासाठी घेतलं जातं, मौजेसाठी नाही.

निघताना मामांनी शेवटचं विचारलं. "मग त्या दोघाइले वेगळं करता येत नाही काय? सोडवून टाका ना ती जोडी."

तेही करून बघितलं गेलं आहे. ए२ए चा जो पट्टा पटल ओलांडताना डी२ ला लागून असतो, त्याची नक्कल असलेला छोटा पेप्टाइड बनवला, आणि तो मध्ये शिरून जोडी तोडतो असं दिसलं. २०१८ मध्ये छापलेल्या एका कामात फुक्से यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी तो उंदरांच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अकम्बेन्स या, बक्षिसाच्या ओढीशी संबंधित भागात थेट सोडला. हे उंदीर स्वतः कळ दाबून कोकेन घेणारे होते. जोडी तुटल्यावर त्यांचं कोकेन घेणं वाढलं. पार्किन्सनमध्ये जी जोडी पाय अडवते असं वाटतं, तीच तिथे व्यसनाला आवर घालत होती.

"म्हणजे जागा पण एक चल झाली," मामा म्हणाले. "तीन झाले आता. तीन चलांला तीन समीकरणं लागतात, माहीत आहे ना?"

माहीत आहे. १९६४ चा नकाशा कोणती पेशी कुठे आहे याचा होता. आता जो हवा आहे तो कोणती जोडी मेंदूच्या कोणत्या भागात आहे, किती आहे आणि आजारात ती वाढते की घटते याचा. तो झाल्याशिवाय एका जागची जोडी सोडवून दुसऱ्या जागची शाबूत ठेवणारं औषध बनवता येणार नाही. ते काम सुरू आहे, थोडं थोडं, एकेका चकतीवरून. पुढच्या खेपेला मामांना त्यातल्या स्ट्रायटमच्या आकृत्या हव्या आहेत, मोठ्या अक्षरात छापलेल्या.